रिझाउंड : एक इंग्रजी क्रियापद नाशकात ऐकून शिकताना

पंचवटीत संध्याकाळी मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘आय रिझाउंडेड इन द केव्ह.’ तिला म्हणायचं होतं की मी लेण्यात हाक मारली आणि ती परत ऐकू आली. तिने शब्द खिशातल्या शब्दकोशातून घेतला होता आणि तिथे अर्थ दिला होता ‘प्रतिध्वनी उमटणे’. अर्थ खोटा नव्हता, तरी वाक्य चुकलं. या एका शब्दापाशी अडखळणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत की त्याच्याकडे कसं जावं, हे सविस्तर लिहावंसं वाटलं. इंग्रजीत नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे आहे. हातात वही असू द्या आणि जमलं तर एक सकाळ मोकळी ठेवा.

आधी तोंडात बसवा

रिझाउंड. यातला झ ‘माझा’मधला आहे, ‘माझी’मधला नाही. दोन्ही म्हणून पाहा, जिभेची जागा बदलते. बरेच जण लिहिलेलं पाहून ‘रिसाउंड’ म्हणतात, कारण नुसत्या ‘साउंड’मध्ये स आहे. पण इथे त्या स चा झ होतो, आणि भार ‘झाउंड’वर पडतो. ‘रि’ हलकेच उच्चारायचा.

‘री-साउंड’ असाही एक शब्द आहे. त्यात स तसाच राहतो, ‘री’ लांब असतो आणि अर्थ अगदी साधा: पुन्हा वाजवणे. घंटा एकदा वाजवली, कोणी ऐकली नाही, परत वाजवली, तर ते ‘री-साउंड’. लिहिताना मध्ये छोटी आडवी रेघ देतात. ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणे आणि ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा सही करणे, तशीच ही जोडी. नोकरीच्या कागदपत्रांत या दोहोंची गल्लत महागात पडू शकते, म्हणून हा फरक आजच कानात बसवून घ्या.

मग कोण दुमदुमलं ते विचारा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

गणपतीच्या मिरवणुकीत मेन रोडवर नाशिक ढोल सुरू झाला की आपण काय म्हणतो? ‘मेन रोड ढोलांनी दुमदुमला.’ दुमदुमला कोण? ढोल नाही, रस्ता. ढोल वाजला, रस्ता दुमदुमला. वाक्याचा कर्ता जागा आहे आणि आवाजाला ‘नी’ लागला आहे. इंग्रजीत हेच वाक्य ‘मेन रोड रिझाउंडेड विथ ड्रम्स’ असं होतं. कर्ता तोच, जागा. आपल्या ‘नी’च्या ठिकाणी ‘विथ’. रचना इतकी जुळते की वेगळं व्याकरण शिकायची गरजच उरत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की मराठी माणसाने हा शब्द ‘प्रतिध्वनी’वरून शिकूच नये. ‘दुमदुमणे’वरून शिकावा. प्रतिध्वनी म्हटलं की डोळ्यांसमोर हाक मारणारा माणूस आणि समोरचा डोंगर येतो. दुमदुमणे म्हटलं की आवाजाने भरून गेलेली जागा येते. रिझाउंडचा गाभा ही भरलेली जागा आहे. त्या मुलीच्या वाक्यात ‘आय’ कर्ता झाला, म्हणजे ती स्वतःच दुमदुमली असा अर्थ निघाला. ‘द केव्ह रिझाउंडेड विथ माय व्हॉइस’ असं लिहिल्यावर तिचं वाक्य उभं राहिलं.

दुसरीही एक रचना आहे, तिच्यात आवाजच कर्ता असतो. काळारामाच्या आरतीचा घोष सभामंडपात घुमतो, तेव्हा इंग्रजीत ‘द चँट रिझाउंडेड थ्रू द हॉल’ म्हणता येतं. इथे मराठीत दुमदुमणेऐवजी घुमणे सहज येतं. जागा कर्ता असेल तर ‘विथ’ आणि मराठीत दुमदुमणे. आवाज कर्ता असेल तर ‘थ्रू’ किंवा ‘इन’ आणि मराठीत घुमणे. वहीचं एक पान उभं दुभागून दोन्ही बाजूंना चार-चार वाक्यं लिहा. आपल्या परिसरातलीच घ्या: रामकुंडावरची पहाट, पंचवटी कारंजावरची गर्दी, शाळेची मधली सुट्टी, पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याचा आवाज. मनातल्या जागेचं वाक्य सुचायला सोपं जातं आणि पुढे लक्षातही राहतं.

मराठीत ‘रिकामी खोली घुमते’ असंही आपण म्हणतो, म्हणजे घुमणे दोन्हीकडे चालतं. तेव्हा वरचा नियम दगडावरची रेघ नव्हे, पहिली काठी म्हणून वापरा.

एक सकाळ पांडवलेणीत

शब्दाचा अर्थ कानाने घेता येत असेल तर तो तसाच घ्यावा. नाशिककरांना ही सोय घराजवळ आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. पायथ्याशी फाळके स्मारक, तिथून पायऱ्यांची चढण. सकाळी लवकर गेलात तर ऊन कमी आणि गर्दीही कमी, म्हणजे ऐकायला बरं.

थेट १८ क्रमांकाच्या लेण्याकडे जा. या गटातलं हे एकमेव चैत्यगृह आहे. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांब, वर कमानीसारखं छत आणि टोकाला स्तूप. दारावरच्या ब्राह्मी लेखात धंबिक नावाच्या गावाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे आणि त्यातच नासिककरांचंही नाव येतं. लेखाची भाषा प्राकृत आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आत ओरडू नका. ते पूजास्थान आहे, शिवाय ओरडण्याने ऐकण्यासारखं काही हाती लागत नाही. तिथल्या रखवालदाराला विचारून, कोणी ध्यानाला बसलेलं नसेल तर एकदाच हलकी टाळी वाजवा. किंवा नेहमीच्या आवाजात एखादा शब्द म्हणा आणि थांबा. तुमचा शब्द दुसऱ्यांदा सुटा ऐकू येणार नाही. तो लांबतो, छताला चिकटून राहिल्यासारखा वाटतो आणि हळूहळू विरतो. दालन घुमतं.

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत सुमारे एक दशांश सेकंदाचं अंतर असेल तरच कान त्यांना दोन वेगळे आवाज म्हणून ओळखतो. तेवढ्या वेळात आवाज ३४ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर जाऊन १७ मीटर परत. समोरचा कातळ किमान इतका दूर असेल तर सुटा प्रतिध्वनी मिळतो. चैत्यगृहाच्या भिंती याहून पुष्कळ जवळ आहेत, म्हणून परतणारे असंख्य आवाज एकात एक मिसळतात. कठीण बेसॉल्ट आवाज फारसा शोषत नाही, तेव्हा ते बराच वेळ टिकतात. माणसांनी दालन भरलं की अंगं आणि कपडे आवाज पितात आणि घुमणं कमी होतं. हार्वर्डमधले वॉलेस सबाइन यांनी १८९५ नंतरच्या काही वर्षांत नेमकं हेच मोजलं होतं. ऑर्गनची नळी, वेळ मोजायचं घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातून उचलून आणलेल्या गाद्या एवढ्या सामानावर ते रात्री रात्री काम करत. गाद्या वाढवल्या की घुमणं किती आटतं, याचं गणित त्यातून निघालं.

इतकं तपशिलात सांगण्याचं कारण भाषेचंच आहे. सुटा परत आलेला आवाज म्हणजे ‘एको’. मिसळून रेंगाळणारा आवाज म्हणजे ‘रिव्हर्बरेशन’. आणि त्या आवाजाने जागा भरून गेली की ती ‘रिझाउंड’ करते. लेण्यात एकदा उभं राहिलं की हे तीन शब्द पुन्हा गोंधळात टाकत नाहीत, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

शब्दाचं मूळ गाव

आता शब्द उलगडा. लॅटिनमध्ये ‘सोनुस’ म्हणजे आवाज आणि ‘सोनारे’ म्हणजे आवाज करणे. त्याला ‘रे’ जोडून ‘रेसोनारे’ झालं: आवाज परत देणे. तिथून ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘रेसोनेर’ झालं आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आलं. तेव्हाही ते जागेबद्दलच वापरलं जाई: एखादी जागा आवाज परत देते, या अर्थाने.

शेवटचा ड कुठून आला? लॅटिनमध्ये तो नाही, फ्रेंचमध्येही नाही. इंग्रजांच्या तोंडात न नंतर तो आपोआप आला आणि मग लिखाणात पक्का झाला. आधी ‘साउंड’ला चिकटला, त्याच्या पाठोपाठ ‘रिझाउंड’ला. ‘थंडर’मधला ड सुद्धा असाच मागून आलेला आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘थुनोर’ होता.

मला सगळ्यात जवळचा वाटणारा धागा मात्र पुढे आहे. लॅटिन ‘सोनुस’ आणि संस्कृत ‘स्वन’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दाचे वंशज आहेत. स्वन म्हणजे आवाज. मराठीत भाषाविज्ञान शिकणारे आजही स्वन, स्वनिम, स्वनविज्ञान म्हणतात. म्हणजे ‘रिझाउंड’च्या पोटात आपला स्वन बसलेला आहे. इंग्रजीतलं ‘स्वॉन’ हे पक्ष्याचं नावही याच कुळातलं मानलं जातं, आवाज करणारा पक्षी या अर्थाने. आणि आपला ‘हंस’ हा शब्द इंग्रजीतल्या ‘गूस’चा नातेवाईक आहे. मुलांना हे सांगितलं की वर्ग क्षणभर शांत होतो. परका वाटणारा शब्द एकदम घरातला होतो.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो, तेव्हा सांभाळा. ‘स्वर’ आणि ‘स्वन’ दिसायला सारखे असले तरी त्यांचे धातू वेगळे आहेत. आणि इंग्रजीत ‘साउंड’ नावाचे चार वेगवेगळे शब्द आहेत. आवाज म्हणजे साउंड हा लॅटिनमधून आला. ‘सेफ अँड साउंड’मधला धडधाकट या अर्थाचा साउंड जुन्या इंग्रजीतला आहे. पाण्याची खोली मोजणे हा फ्रेंचमधून आला, आणि समुद्राची चिंचोळी पट्टी म्हणजे साउंड हा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला. चौघांचं स्पेलिंग एकच आहे, पण घराणी वेगळी आहेत. ‘रिझाउंड’ फक्त पहिल्याच्या घरातला. म्हणून ‘साउंड म्हणजे धडधाकट, मग रिझाउंड म्हणजे पुन्हा बरं होणे’ असा तर्क करू नका. एका हुशार मुलाने तो केला होता. विचार करायची पद्धत चांगली होती, पण शब्दाचं घराणं तपासायचं राहून गेलं.

त्याच घराण्यातले बाकीचे शब्द आयते मिळतात: सॉनिक, सोनाटा, युनिसन, डिसोनन्स, कॉन्सोनंट. शेवटचा आपल्या व्याकरणातला. कॉन्सोनंट म्हणजे स्वराच्या सोबतीने वाजणारा, अर्थात व्यंजन.

जुळा भाऊ : रेझोनेट

‘रेसोनारे’ इंग्रजीत दोनदा आला. एकदा फ्रेंचच्या वाटेने, घासून-पुसून, ‘रिझाउंड’ होऊन. दुसऱ्यांदा थेट लॅटिन ग्रंथांतून, जवळपास जसाच्या तसा, ‘रेझोनेट’ होऊन. क्रियापद म्हणून हा दुसरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला.

मराठी व्याकरण शिकलेल्याला याचं नवल वाटू नये. तद्भव आणि तत्सम! संस्कृत ‘शब्द’ आपल्याकडे तसाच आला, तो तत्सम. तोच प्राकृतातून ‘सद्द’ होऊन ‘साद’ झाला, तो तद्भव. आता लेण्यातल्या त्या प्राकृत लेखाची आठवण करा. ‘प्रतिशब्द’चं प्राकृतात ‘पडिसद्द’ झालं आणि मराठीत ‘पडसाद’. ‘प्रतिजिह्वा’ची ‘पडजीभ’ झाली ती याच रीतीने. तर रिझाउंड म्हणजे इंग्रजीतला साद आणि रेझोनेट म्हणजे इंग्रजीतला शब्द. मूळ एक, पण वापर वेगळा.

रेझोनेट विज्ञानात चालतो, तिथे मराठीत ‘अनुनाद’. सतारीची मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा हात न लावता बोलू लागतात, ते रेझोनेट होणं. बोलण्यात ‘दॅट रेझोनेट्स विथ मी’ म्हणजे ते माझ्या मनाला भिडलं. या जागी ‘रिझाउंड्स’ चालणार नाही. मन भिडतं, दुमदुमत नाही.

शेजारी दोघे

‘रिव्हर्बरेट’चं मूळ ऐकलं की ढोल आठवतो. लॅटिन ‘व्हेर्बेर’ म्हणजे चाबूक किंवा छडी. ‘रेव्हेर्बेरारे’ म्हणजे मारून परत फिरवणे. शब्दात आधी मार होता, आवाज नंतर आला. धातू वितळवायच्या एका भट्टीला आजही ‘रिव्हर्बरेटरी फर्नेस’ म्हणतात, कारण तिच्या छतावरून उष्णता परत खाली धातूवर येते. बातम्यांत एखाद्या निर्णयाचे दूरवर पडसाद उमटले असं लिहायचं असेल तर ‘रिव्हर्बरेट’ घ्या. ‘द डिसिजन रिव्हर्बरेटेड अक्रॉस द स्टेट.’

‘एको’ ग्रीक आहे. त्या कथांतल्या एको या वनदेवीला शाप होता: स्वतःहून बोलायचं नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणायचे. म्हणूनच ‘शी एकोड हिज वर्ड्स’ म्हणता येतं. मराठीत आपण म्हणतो, तिने त्याची री ओढली. ‘रिझाउंड’ला असं कर्म आता लागत नाही. ‘शी रिझाउंडेड हिज वर्ड्स’ लिहू नका. जुन्या कवितेत एखाद्याची कीर्ती ‘रिझाउंड’ करणारे गायक भेटतील, पण ती आजची भाषा नाही.

विजय दणदणीत का असतो

‘रिझाउंडिंग’ हे विशेषण वर्तमानपत्रात रोज दिसतं. ‘अ रिझाउंडिंग व्हिक्टरी.’ इथे प्रतिध्वनी शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही. मराठीत पाहा: दणदणीत विजय. दणदण हा आवाजच आहे. दोन्ही भाषांना वाटलं की मोठा विजय कानाला ऐकू यायला हवा. दणदणीत पराभव, दणदणीत यश, दोन्हींना हे विशेषण चालतं. ‘अ रिझाउंडिंग नो’ म्हणजे ठणकावून दिलेला नकार, आणि ‘ठणकावून’मध्येही ठण असा आवाज आहेच. शब्दकोश ‘प्रचंड’ असा अर्थ देतात. तो लिहा, पण शेजारी ‘दणदणीत’ही लिहा. प्रचंड काहीही असू शकतं, अगदी डोंगरसुद्धा. डोंगर दणदणीत नसतो आणि इंग्रजीतही तो ‘रिझाउंडिंग’ नसतो.

सराव कसा करावा

गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरापाशी जा. १७४७ साली बांधलेलं हे मंदिर तिथल्या घंटेमुळे सगळ्यांना माहीत आहे. वसईत पोर्तुगिजांवर मिळवलेल्या १७३९ च्या विजयाशी त्या घंटेचं नातं सांगितलं जातं. खणखणीत आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची रीत त्यातूनच पडली. समोर उभं राहून तीन वाक्यं तयार करा. घंटा वाजली: ‘साउंडेड’. घाट तिच्या आवाजाने दुमदुमला: ‘रिझाउंडेड विथ’. तिचा आवाज घाटभर घुमला: ‘रिझाउंडेड थ्रू’. मोठ्याने म्हणा, झ बरोबर येतो का ते सोबतच्याला ऐकायला सांगा.

नंतर उलट्या वाटेने या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. तो आज इंटरनेटवर फुकट पाहता येतो. नाशिकमध्ये छापील कोश चाळायचे तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. दुमदुमणे, घुमणे, निनादणे, गाजणे, खणखणणे हे शब्द एकेक करून काढा आणि इंग्रजीत काय दिलं आहे ते शेजारी उतरवा. आपल्या भाषेत आवाजाची क्रियापदं किती आहेत, हे इंग्रजी शिकताना कळावं ही माझी मनापासूनची इच्छा असते. शिवाय या वाटेने आलेला विद्यार्थी ‘रिझाउंड’ कुठे वापरायचा नाही हेही लवकर ओळखतो. खणखणणाऱ्या नाण्याला तो ‘रिंग’ देतो, गाजलेल्या नाटकाला ‘फेमस’ देतो, आणि ‘रिझाउंड’ घाटासाठी, लेण्यासाठी, ढोलांनी भरलेल्या रस्त्यासाठी राखून ठेवतो.

आठवड्याने वही परत उघडा आणि प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा: इथे दुमदुमलं कोण? उत्तर जागा असेल तर पुढे ‘विथ’ आहे का बघा. उत्तर आवाज असेल तर ‘थ्रू’ किंवा ‘इन’ बघा. उत्तर ‘मी’ आलं, तर ते वाक्य खोडून पुन्हा लिहा.